बुंदीचा पाचवा पाय

आठ माणसं रोज आठ-आठ तास एकाच बकरीकडे टक लावून बसली, की किस्से झाले नाहीत तरच नवल! लिहून ठेवायला कुणाला सवड नसते, त्यामुळं ते डोक्यातच साठत जातात. मग कुठं लग्नात, कुठं पॅसेंजरमध्ये कुणीतरी सहज विचारतं, "काय गं संगीता, तू नेमकं करतीस काय परभणीला?" आणि मी सुरू होते. एकदा सुरू झाले की मला आवरणं अवघड, हे आधीच सांगून ठेवते.

तर, मी चुका काढते. त्याचाच पगार घेते!

परभणीत एका खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचा लहानसा कार्टून स्टुडिओ आहे. मुंबईची एक कंपनी आम्हाला गोष्ट आणि रेकॉर्ड केलेले आवाज पाठवते, आम्ही त्याची हलती चित्रं करून परत पाठवतो. चिमी नावाची मुलगी आणि बुंदी नावाची तिची बकरी. एका भागातले सीन सगळे जण वाटून घेतात, त्यामुळं एकाच्या सीनमध्ये चिमीची रिबीन लाल, दुसऱ्याच्या सीनमध्ये निळी, असले घोळ होतात. ते पकडणारी ती चेकर. म्हणजे मी.

पहिला भाग म्हणजे आमची परीक्षा होती. मुंबईच्या मॅडमनी आमच्या मालकांना, म्हणजे वाघमारे सरांना, स्पष्ट सांगितलं होतं, "चुकांमुळं फाइल तीनदा परत पाठवावी लागली, तर काम दुसरीकडं जाईल." काम गेलं की स्टुडिओचं शटर खाली. आणि शटर खाली म्हणजे मी परत पुण्याला. इथं लागायच्या आधी पाच वर्षं मी पुण्यात होते आणि माझी लेक अनू परभणीजवळच्या पिंगळीला माझ्या आईजवळ. पोरगी चालायला लागली, बोलायला लागली, सगळं मी मोबाईलवर बघितलं. तिचे वडील कुठं आहेत हा विषय इथं कुणी काढायचा नाही. काढला तर मी उठून जाईन!

आता मी रोज संध्याकाळी पिंगळीला घरी असते. पहिला भाग पास होईपर्यंत मी झोपेतसुद्धा चिमीच्या रिबिनी तपासायचे, ते याच्यासाठी.

*

पहिली फाइल परत आली ती पायांवरून.

बुंदी उडी मारते तो सीन दीपकचा. दीपक मानवतचा, शेतकऱ्याच्या घरचा, हाताला लय वेग. उडीच्या मधोमध जुना पाय पुसायचा राहिला आणि बकरी क्षणभर पाच पायांची झाली. मी पकडलं. दीपकला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पळत्या बकरीचे पाय कोण मोजायलंय?"

"लेकरं मोजतात," मी म्हणाले. "लेकरं सगळं मोजतात!"

तणतणत त्यानं एक पाय पुसला. पण घाईत पुढच्याच सीनमधला! आता एका सीनमध्ये पाच आणि दुसऱ्यात तीन. मी जेवून हात धुवून येईपर्यंत सरांनी फाइल पाठवूनसुद्धा दिली होती.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून एका ओळीची मेल आली. "बकरीला पाय किती, कृपया कळवावे."

सर खुर्चीत ताठ बसले. एका बोटानं टाईप केलं, "चार." पाठवायच्या आधी मान वळवून आम्हाला विचारलं, "बरोबर ना?" हसायची कुणाची छाती नव्हती. एक परत आली होती, दोन उरल्या होत्या.

तेवढ्यात मागून दीपक म्हणाला, "सर, सरासरी काढली तर चारच येती!"

सरांनी त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

*

आमच्याकडं एक रिवाज आहे. पंख्याचा आवाज जरा जरी बदलला, तरी ज्याला आधी ऐकू येईल त्यानं ओरडायचं, "सेव्ह!" मग जो जिथं असेल तिथून बटण दाबतो. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि आमच्या इन्व्हर्टरचं वय झालंय. एकदा ओरडायला उशीर झाला आणि आमच्यात चित्रं काढणाऱ्या प्रज्ञाचं अख्ख्या दिवसाचं काम गेलं. पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडून आली आणि पुन्हा पहिल्यापासून बसली. तेव्हापासून आम्ही सगळे कान टवकारून बसतो.

मागं माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, सगळे हातात अक्षता घेऊन उभे. आणि पंखे मंदावले.

मी ओरडले, "सेव्ह!"

भटजी थांबले. बँडवाले थांबले. नवरदेवानं अंतरपाट बाजूला करून बघितलं. आणि मांडवाच्या पार शेवटच्या रांगेतून, लग्नाला आलेल्या आमच्या वाघमारे सरांचा आवाज आला, "केलं!"

*

आता हे जरा नाजूक आहे, पण सांगते.

चिमीच्या घराची आतली भिंत. गोष्टीत नुसतं लिहिलेलं, "साधं घर." दोन सीन लागोपाठचे, पहिला प्रज्ञाकडं, दुसरा दीपककडं. प्रज्ञा परभणीचीच, बौद्ध घरातली, आई शाळेत शिक्षिका. तिनं भिंत काढली आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, तिच्या घरी असते तशी. दीपकनं तीच भिंत काढली आणि खंडोबाचा फोटो लावला, भंडाऱ्यासकट. चिमी नुसती मान वळवते आणि घरातला देव बदलतो!

मी दोघांना चिठ्ठी पाठवली, "भिंत जुळत नाही." एवढंच. जास्त काय लिहिणार?

त्या दुपारी दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यात डबा घेऊन बसले. रोज एकमेकांच्या डब्यात हात घालणारी माणसं! खोलीत नुसते चावण्याचे आवाज. सरांनी मला बाजूला घेतलं. "काय झालं, संगीताताई?"

"भिंत, सर."

त्यांनी दोन्ही सीन दोनदा बघितले. सर स्वतः बौद्ध. कुणाचाही फोटो काढून टाका म्हटलं तरी त्याचा अर्थ निघणार. "मुंबईचं राहू द्या," ते हळूच म्हणाले. "इथंच फुटतंय का काय आपलं?"

चार वाजता दोघांनी दुरुस्त सीन पाठवले. आधी प्रज्ञाचा उघडला. भिंतीवर खंडोबा! घोड्यावर बसलेला, भंडाऱ्याचा पिवळा रंग अगदी निवडून लावलेला. मग दीपकचा उघडला. भिंतीवर बुद्ध. मिटलेले डोळे काढायला त्यानं सगळी दुपार घातली होती. एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

आणि भिंत अजूनही जुळत नव्हती!

सरांनी दोन्ही सीन शेजारी-शेजारी लावले. मग घसा खाकरून म्हणाले, "दोघंबी लय शहाणे हाव. आता तिथं आरसा लावा."

प्रज्ञानं डोळे पुसत विचारलं, "लावते सर. पण आरशात कोण कोण दिसायचं?"

*

बकरी खाली बसताना आधी पुढचे गुडघे टेकवते का मागचे? सांगा बरं!

आम्हालाही सांगता येईना. दीपक म्हणे पुढचे. बाकी सगळे म्हणे मागचे. सरांनी स्वतः फरशीवर दोन्ही प्रकारे बसून दाखवलं, तरी निकाल लागेना. एक फाइल परत आलेली, अंदाजपंचे काही करायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी सर, दीपक आणि मी सरांच्या गाडीत बसून बकरी शोधायला निघालो. परभणीत बकऱ्या कमी नाहीत, पण सरांना बुंदीसारखीच काळी-पांढरी पाहिजे होती. ती सापडली थेट देवगाव फाट्याला!

एका घरासमोर बांधलेली. आम्ही गाडी उभी केली, दीपकनं मोबाईल धरला आणि वाट बघत बसलो. बकरी काही बसेना. पाला खाल्ला, अंग खाजवलं, आमच्याकडं बघितलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. गाडीच्या मागं चार माणसं येऊन उभी राहिली, मग दहा झाली. घरातून एक बाई पदर खोचून बाहेर आली.

"काय हो, कवापसून बगायलाव माज्या बकरीकडं? नंबर काय गाडीचा? ए, लिवून घ्या रं नंबर!"

सर काच खाली करून म्हणाले, "बाई, आम्ही चोर नाही. आम्ही कार्टून काढायलाव."

"बकरीचं?"

"हो."

"कशापाई?"

सरांनी काच पुन्हा वर करायला घेतली. गर्दी जवळ सरकली. एकानं दार उघडलं. बाईनं दीपकच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. "दावा मला काय काय काढलंय त्ये!" आणि ती त्यात बोट घालून शोधायला लागली. तिला सापडली ती आमची चिमी, उड्या मारणारी. मग तिनं पोरांना बोलावलं, पोरांनी शेजारच्यांना बोलावलं, आणि सगळं गाव त्या मोबाईलवर वाकलं.

नेमकी तेव्हाच बकरी बसली.

आमच्या तिघांच्या हातात काही नव्हतं. परभणीला परत येईपर्यंत गाडीत भांडण चाललं होतं. दीपक म्हणे पुढचे गुडघे, सर म्हणे त्यांनी नेमकी तेव्हाच पापणी लवली, आणि मी तर बाईकडं बघत होते!

*

दुसरी फाइल परत आली ती माझ्यामुळं. हे मी कुणावर ढकलत नाही.

गोष्टीत लिहिलं होतं, शेतात पांढराशुभ्र कापूस फुटलाय, बांधावर आंब्याचं झाड, आंबे लगडलेत, आणि चिमी म्हणते, "बुंदी, आंबा पाड!" दीपकनं वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडं वेचणीच्या दिवसात झाडाला आंबे? माझा बाप बघणार हाय हे, सर. मानवतच्या मोंढ्यात, भर बाजारात, तोंड दाखवायची सोय राहणार न्हाई त्याला!"

"बकरीला पाच पाय काढलेस, तवा न्हाई आठवला का बाप?" सर कडाडले.

दीपकनं पेन परत उचललं. आणि गुपचूप त्यानं आंब्याच्या जागी बोराचं झाड काढलं. वेचणीत बोरं असतातच. सीन माझ्याकडं तपासायला आला तेव्हा नेमका अनूचा व्हिडिओ कॉल आला. तिचा पहिला दात पडला होता, तो दाखवायचा होता. मी सीनचा आवाज बंद केला, एका डोळ्यानं दात बघितला आणि दुसऱ्या डोळ्यानं झाड. कापूस बरोबर, बोरं बरोबर, हंगाम जुळतोय. मला तर बरंच वाटलं! मी पास केलं.

आवाज मात्र जुनाच होता.

मॅडमची मेल आली, "चिमी आंबा मागते. पडतं बोर. हे काय चाललंय?" खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, "ही दुसरी वेळ."

दीपक माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई, माझ्यामुळं झालं."

"झाड तू बदललंस," मी म्हणाले, "पण कान माझे बंद होते."

त्या संध्याकाळी पॅसेंजरमधून उतरले आणि आईला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. आता एक चूक झाली की पुणं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पोरीला आत्ताच सांगू नको," ती म्हणाली. "लय अवघड गेलं व्हतं तिला मागच्या टायमाला. तुला फोनवर दिसत नव्हतं, मी बगायचे."

मुंबईनं "बोर पाड" असा नवा आवाज पाठवून दिला, हंगामाचं कौतुकही केलं. दीपकच्या बापाची अब्रू वाचली. आमच्याकडं शेवटची फाइल उरली.

*

शेवटची फाइल शनिवारी दुपारी दोनपर्यंत जायची होती. चार वाजता मॅडम व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर ती बघणार होत्या.

त्या दिवशी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं, म्हणून अनूची सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला स्टुडिओत आणली. माझ्या शेजारी खुर्चीवर उशी टाकून बसवली. एक वाजता मी भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला. पाय मोजले. रिबीन बघितली. आवाज तर एवढा मोठा ठेवला होता की खालच्या दुकानातून कुणीतरी काठीनं छत ठोकलं! सगळं जुळत होतं. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"आई," अनू म्हणाली, "चिमीची आई कवा येती?"

"कुठून?"

"पाण्याला गेली ना ती. मंग बुंदी हरवली, मंग सापडली, मंग चिमी जेवली, मंग झोपली. आई कवा येती?"

मी सीन मागं नेला. चौथ्या सीनमध्ये चिमीची आई कमरेवर घागर घेऊन दारातून बाहेर पडते. त्यानंतर अख्ख्या भागात ती नाही. शेवटी पोरगी एकटी जेवते, एकटी अंथरुणात शिरते, बुंदी पायाशी, आणि "समाप्त". गोष्ट लिहिणाऱ्यांना दिसलं नव्हतं. मॅडमना दिसलं नव्हतं. आम्ही सगळे महिनाभर पाय मोजत बसलो होतो.

"येईल ती," मी म्हणाले.

"तू बी फोनवर असंच म्हणायचीस," अनू म्हणाली.

राग नव्हता हो तिच्या बोलण्यात. सहज म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढं सगळी स्क्रीन पाण्यानं भरली.

मी उठून सरांकडं गेले. सरांनी ऐकलं आणि घड्याळ बघितलं. दीड वाजायला आला होता. "संगीताताई, गोष्टीत नसलेलं आपण काही टाकलं तर तीच चूक धरतील. ही तिसरी असेल. तुम्हाला कळतंय ना काय होईल?"

"माझ्याएवढं कुणाला कळणार, सर? पण ही चूक आहे. आणि चेकर मी आहे."

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. प्रज्ञानं न विचारताच चौथा सीन उघडला. नवीन चित्र काढायला वेळ नव्हता. तिनं बाहेर जाणारी आई उचलली, आरशात दिसावी तशी उलटी फिरवली आणि शेवटच्या सीनमध्ये दारात उभी केली, घराकडं तोंड करून. दीपकनं मागं संध्याकाळचा उजेड भरला. उलटी केल्यामुळं घागर कमरेच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि पदर उजव्या खांद्यावर आला! मला दिसत होतं. दोनला आठ मिनिटं होती. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक बघून पास केली.

चार वाजता मॅडम स्क्रीनवर आल्या. पहिल्यापासून बघत गेल्या. चिमीनं बोर मागितलं, बोरच पडलं. भिंतीवरचा आरसा गेला. बुंदी उडी मारून चार पायांवर उतरली आणि दीपकनं माझा हात घट्ट धरला. चिमी जेवली. अंथरुणात शिरली.

मॅडमनी थांबवलं.

"ही दारात कोण आहे? गोष्टीत ही नाही."

सर माझ्याकडं बघत होते, प्रज्ञा खाली बघत होती. अनू माझ्या मांडीवर होती.

"मॅडम," मी म्हणाले, "ती चिमीची आई आहे. चौथ्या सीनमध्ये पाण्याला गेली होती. परत आलीच नव्हती."

"कुणी पकडलं?"

"माझ्या मुलीनं. सहा वर्षांची आहे."

मॅडमचा कॅमेरा बंद झाला. आम्हाला वाटलं लाईट गेली, पण आमचे पंखे चालू होते. सरांनी दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं होतं. मग कॅमेरा न लावताच आवाज आला.

"फाइल परत पाठवत नाहीये. पास आहे. तिथंच दुरुस्त करून द्या. घागर कमरेच्या उलट्या बाजूला आहे, ती नीट करा. पदर नीट करा."

"हो मॅडम," सर म्हणाले.

"आणि एवढ्या लांबून आलीये ती. तिला दारात काय उभी ठेवलीत? आत घ्या."